चावायची गोळी

मराठीत गोळी म्हटली की दोन गोळ्या डोळ्यांपुढे येतात. एक लिमलेटची, आजोबांच्या खिशातून निघणारी. दुसरी तापाची, चमच्यात चुरून मधातून द्यावी लागणारी. यातली कोणती कुठली, हे मुलांना शिकवावं लागत नाही. एकीला हात पुढे येतो, दुसरीला तोंड घट्ट मिटतं. गेल्या काही वर्षांत माझ्या काउंटरवर एक तिसरी येऊन बसली आहे. दिसायला पहिलीसारखी, कामाला दुसरीसारखी. ड जीवनसत्त्वाची, चावून खायची, लहान मुलांची गोळी. गिऱ्हाईक तिला 'डी-थ्रीची चावायची' म्हणतं.

जुन्या नाशकात आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे मी बसते. दिवसभरात हाताखालून शेकडो पट्ट्या जातात. त्यातल्या बहुतेकींशी माझा संबंध नाव, ताकद आणि एक्सपायरी एवढाच. या गोळीचं तसं नाही. तिच्यावर माझा जीव आहे, आणि तिची मला धास्तीही वाटते. दोन्हींची कारणं सांगते.

आधी तिला हातावर घेऊन बघा. जुन्या आठ आण्याएवढी, फिकट केशरी, कडेला जराशी झिजल्यासारखी. पट्टीतून दाबून काढली की बोटांना पिठूळ लागते. वास संत्र्याचा, पण सोललेल्या संत्र्याचा नाही. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यावर ओततात त्या केशरी सरबताचा. दाताखाली आली की आधी कुरकुरते, मग जिभेवर गारवा पसरतो. तो मॅनिटॉलचा, अशा गोळ्यांत गोडीसाठी घालतात त्या पदार्थाचा. शेवटी टाळूला खडूसारखा पातळ थर राहतो आणि पाणी प्यावंसं वाटतं. हे सगळं अंग, रंग, वास, गारवा, हा नुसता पोशाख. आतलं औषध किती? सहाशे आययूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककांच्या, गोळीत १५ मायक्रोग्रॅम. डब्यातल्या साखरेचा एक दाणा बोटाच्या टोकावर घ्या; तोसुद्धा याच्या कितीतरी पट जड भरेल. एवढ्याशा कणाला मुलाच्या पोटापर्यंत न्यायचं तर कुणीतरी त्याला कडेवर घ्यायला हवं. ते काम ही केशरी गोळी करते.

वडिलांच्या वेळी हे काम एका बाटलीकडे होतं. लेबलवर पाठीला भलामोठा मासा लटकवलेला कोळी, आत पांढरं दाट इमल्शन, कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचं. शाकाहारी घरांतसुद्धा ती बाटली डॉक्टरांच्या शब्दावर आत यायची आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या कोनाड्यात राहायची. नाक दाबून चमचा, वर गुळाचा खडा. त्या तेलात नेमकं काय आहे हे जगाला कळायला वेळ लागला. इंग्लंडात एडवर्ड मेलनबी याने १९१९ साली घरात कोंडून वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो आणि कॉडच्या तेलाने तो बरा होतो, हे दाखवलं. पण श्रेय त्याने अ जीवनसत्त्वाला दिलं. मग १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम याने तेलातलं अ जीवनसत्त्व तापवून आणि हवा सोडून मारून टाकलं, तरी तेल मुडदूस बरा करतच राहिलं. म्हणजे आत आणखी कुणीतरी होतं. अ, ब, क ही नावं आधीच गेलेली. याच्या वाट्याला ड आलं.

त्याच १९२२ साली आमच्या नाशकाचं नाव या गोष्टीत आलं, आणि ते मला फार उशिरा कळलं. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशकातल्या मुडदुसाचा अभ्यास इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांना जे दिसलं ते तेव्हाच्या समजुतीच्या उलटं होतं. मुडदूस होता तो सुखवस्तू घरांत. जिथे दूधतुपाची ददात नव्हती, पण बायका पडद्यात होत्या आणि बाळं माजघराच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोल्यांत वाढत होती. आणि ज्यांच्या पानात कोरड्या भाकरीपलीकडे फारसं काही नव्हतं, पण ज्या दिवसभर उन्हात राबायच्या, त्या बायकांची उघड्यावर वाढलेली पोरं सरळ पायांनी धावत होती.

आमच्याच वाड्यात ती खोली होती. बाळंतिणीची. एक झरोका, तोही शेगडीच्या धुराने काळा. आजी सांगायची, सव्वा महिना बाळाला वारा लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही. माझ्या आजीच्या एका धाकट्या दिराचे पाय फेंगडे होते. घरात त्याला नशीब म्हणत. मनगटं जाड, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी, टाळू उशिरा भरलेली, दात उशिरा आलेले. ही सगळी मुडदुसाची लक्षणं आहेत हे मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसले. तो मुलगा ज्या खोलीत वाढला तिथून पाच पावलांवर अंगण होतं, आणि त्या अंगणात वर्षातले आठ महिने रखरखीत ऊन पडत होतं.

आता वाडा पडला, तिथे सात मजली इमारत उभी आहे. अंगण पार्किंगला गेलं. खिडक्या मोठ्या झाल्या, पण काचेच्या. आणि काचेतून येणारं ऊन उबेला चांगलं, या कामाला निरुपयोगी. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. सकाळी सातला व्हॅन, दुपारी तीनला परत, चारला क्लास. मुलांना पडद्यात ठेवायला आता कुणी सांगत नाही, तरी ती पडद्यात आहेत.

आणि कोवळं ऊन? याबद्दल आजीशी मला अजूनही मनातल्या मनात भांडावं लागतं. सव्वा महिना सरला की तेल लावून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवायचं, ही आपली किती लाडकी रीत. त्यात ऊब आहे, माया आहे. पण त्या वेळी सूर्य तिरपा असतो, त्याच्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडून यावं लागतं, आणि नेमके हवे ते किरण वाटेतच गळतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन कामाचं. म्हणजे साधारण अकरा ते तीन. शाळेतल्या मुलाला त्या उन्हात अर्धा तास हातपाय उघडे टाकून खेळू द्यावं. आपल्या सावळ्या कातडीला वेळ जरा जास्तच लागतो. तान्ह्याला मात्र भर दुपारी उन्हात निजवता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी या जीवनसत्त्वाचे थेंब.

या गोळीचं कुळ सांगितलं की गिऱ्हाईक चमकतं. बहुतेक डी-थ्री, म्हणजे यातलं ड जीवनसत्त्व, मेंढीच्या लोकरीतून येतं. नवी घोंगडी आणली की तिला जो तेलकट, उग्र वास येतो, तो लोकरीतल्या मेणाचा. ते मेण धुऊन काढतात, त्यातून कोलेस्टेरॉल वेगळं करतात, त्याचं रूप बदलतात आणि शेवटी त्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडतात. आपल्या कातडीतही तोच पदार्थ असतो आणि त्यावर सूर्य तेच करतो. म्हणजे धनगराची मेंढी, कारखान्यातला दिवा आणि वर संत्र्याचा वास. शाकाहाराबाबत फार काटेकोर असणाऱ्यांसाठी आता आणखी एक जात निघाली आहे. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं, त्या लायकेनच्या कुळापासून काढलेली. माझ्याकडे येणाऱ्या जैन भगिनी मात्र पहिला प्रश्न दुसराच विचारतात, 'ताई, यात जिलेटिन नाही ना?' प्रश्न रास्त आहे. दाबून केलेल्या गोळीत सहसा नसतं. मऊ, रबरासारख्या गमीत पुष्कळदा असतं. जिलेटिनऐवजी पेक्टिनची गमी असेल तर डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

आता धास्तीचं सांगते.

सूर्याला थांबायचं कळतं. मूल दिवसभर उन्हात हुंदडलं तरी कातडीत एका मर्यादेपुढे जीवनसत्त्व साठत नाही. जास्तीचं त्याच उन्हाने दुसऱ्या निरुपद्रवी पदार्थांत बदलून जातं. गोळीला असं काही कळत नाही. पोटात गेली की ती आपलं सगळं देऊन टाकते, आणि दिलेलं शरीराच्या चरबीत मुक्कामाला राहतं. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं; हे आठवडे, महिने जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मूल मलूल होतं, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. पुढे मूत्रपिंडावर बेततं. म्हणून ही गोळी मोजून द्यायची असते, आणि मोजणारा माणूस घरातला लागतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सात वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी साठ हजार आययूची गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. तीही चावायचीच, गोडच, फक्त जरा मोठी. चार गोळ्यांची पट्टी मी दिली, कसं द्यायचं ते तोंडी सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी त्याची आई काउंटरवर. 'ताई, ती संपली. दुसरी पट्टी द्या. त्याला फार आवडते हो, कधी नव्हे तो स्वतःहून औषध मागतो.' मी रिकामी पट्टी हातात घेतली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चार दिवसांत दोन लाख चाळीस हजार. तिला बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला. मुलाचं रक्त तपासलं, कॅल्शियम ठीक निघालं, गोळी थांबवली, पुढे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवलं. मुलाला काही झालं नाही. त्या बाईचं मात्र मला अजून वाईट वाटतं. ती दुकानाच्या पायरीवर बसून रडली. चूक तिची नव्हती. चिठ्ठीवरचं डॉक्टरी अक्षर तिला लागलं नाही आणि मी बोलले ते घाईत होतं. लिहून दिलं नाही ही माझी चूक.

तेव्हापासून साठ हजारची प्रत्येक पट्टी मी पाकिटात घालते आणि पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिते: फक्त रविवारी. आठवड्यातला दुसरा कुठलाही वार चालला असता. पण उन्हाचं औषध सूर्याच्या वारी, हे कुणाच्याही लक्षात राहतं. आजीबाईंच्या तर लगेच.

रोजची गोळी वेगळी, आठवड्याची वेगळी, हे लोकांच्या मनात ठसत नाही, कारण दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. सहाशे आणि साठ हजार. मध्ये दोन शून्यांचा फरक, शंभर पटींचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यात पहिल्या वर्षी रोज ४०० आययू आणि त्यानंतर अठरा वर्षांपर्यंत रोज ६०० एवढंच पुरेसं मानलं आहे. पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर त्या लेखाच्या पहिल्या लेखिका. साठ हजारची गोळी कमतरता उघड झाल्यावर, उपचार म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. शेजारणीच्या मुलाला दिली म्हणून आपल्या मुलालाही, असं तिच्याबाबतीत करायचं नसतं. आणि धडधाकट, खेळत्या मुलाचं उगाच रक्त तपासून आकडा काढत बसायचीही गरज नसते. काउंटरवर रिपोर्ट घेऊन घाबऱ्या झालेल्या आया मी रोज बघते.

मग घ्यायची कोणती? बाई काउंटरपाशी उभी राहून विचारते तेव्हा मी तिच्यापुढे तिघींना ठेवते. थेंबांची बाटली, ही चावायची गोळी आणि अस्वलांच्या आकाराच्या गमीचा डबा. बहुतेकींची नजर डब्यावर जाते. सोबत मूल असेल तर त्याचा हात आधीच तिथे पोचलेला असतो. मी डबा हळूच मागे सरकवते. गमीवर माझा राग नाही, पण तिच्यात साखर असते, ती दातांना चिकटून बसते, पावसाळ्यात डब्यात एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा होतो आणि मग अर्धी किती आणि दीड किती हे कुणालाच सांगता येत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे ती खाऊसारखीच आहे. खाऊ एकावर थांबत नाही.

मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर मी गोळी आणि गमी दोन्ही मागे घेते. एवढ्या लहान मुलाच्या गळ्यात ती अडकू शकते. थेंबच द्या. आणि थेंब देताना बाटलीबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरा. आपल्याकडे पुष्कळ बाटल्यांत ४०० आययू एका मिलिलिटरमध्ये असतात. परदेशातल्या काही बाटल्यांत तेवढेच एका थेंबात. हे ज्या घरात कळलं नाही, तिथे बाळाला एका ड्रॉपरमधून कितीतरी दिवसांचं औषध एकदम जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली तान्ह्यांच्या आयांना नेमकं याच बाबतीत सावध केलं होतं.

परदेशातून येणाऱ्या डब्यांचा माझ्याकडे वेगळाच रिवाज झाला आहे. मुलगी न्यू जर्सीहून आली की आजी डबा घेऊन माझ्याकडे येते. 'वाचून दे गं, यात काय आहे ते.' मी चष्मा लावते. आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो, त्याला चाळीसने गुणलं की आययू निघतात. २५ असेल तर हजार. मग बघायचं ते वर, बारीक अक्षरात: हा आकडा एका गमीचा की दोन गमींचा? पुष्कळदा दोन गमींचा असतो. आणि शेवटी, घरात दुसरं काय चालू आहे? मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, दुधात घालायची पावडर, या सगळ्यांत ड असतं. बेरीज आजीच्या समोर पाकिटावर करून देते. वर्षावरच्या आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांवाचून रोज दोन-अडीच हजारांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि खरं तर तिथवर जायचंच कशाला, सहाशे पुरेत.

चार वर्षांच्या पुढच्या, नीट चावून गिळणाऱ्या मुलासाठी मी माझी केशरी गोळी पुढे करते. रोजची, ४०० किंवा ६०० आययूची, नुसत्या डी-थ्रीची. पट्टीतली मिळाली तर फार चांगलं, कारण पट्टीतून एका वेळी एकच निघते आणि उरलेल्या मोजता येतात. पट्टी नसेल तर झाकण दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारी बाटली. चघळायची नाही, चावायची. चघळत बसलं की गोड पाणी दातांवरून फिरत राहतं. द्यायची जेवणानंतर, वरणभातावर तूप पडलेलं असताना, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं आणि रिकाम्या पोटी कमी शोषलं जातं. मग चूळ भरायला लावायची.

तिच्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. मुलाची उंची वाढेल का, हुशारी वाढेल का, सर्दी थांबेल का, असं विचारत येतात. तिचं मुख्य काम एक, आतड्यातून कॅल्शियम रक्तात नेणं, म्हणजे ते हाडांपर्यंत पोचतं. आणि न्यायला कॅल्शियम तर हवं. दूध न आवडणाऱ्या मुलाला नाचणीची भाकरी, नाचणीचं सत्त्व, तिळाची चटणी द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या बायका ती अजून पिकवतात आणि बाजारात गोणपाटावर मांडून विकतात.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी तिची पेटी वरच्या फळीवर ठेवते, लिमलेटच्या बरणीपासून दूर. ती बरणी वडिलांची. औषध घेऊन जाणाऱ्या मुलाच्या हातावर एक लिमलेट ठेवायची त्यांची पद्धत मी चालू ठेवली आहे. पण दोन्ही गोळ्या एका फळीवर मी कधी ठेवत नाही, आणि माझ्या हातून मुलाला दोन्ही एकदम देत नाही.

तुमच्या घरीही तेवढं करा. पेटी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, रोज एकच काढून स्वतःच्या हाताने द्या, आणि देताना तिला खाऊ म्हणू नका. औषध म्हणा.